थंडरक्रॅकरचा निळा

थंडरक्रॅकरचा निळा आकाशाचा नाही. भर दुपारी कुर्डुवाडीवर जे पांढुरके, उन्हाने विटलेले आकाश असते, त्याच्याशी त्याचे काही नाते नाही. हा खोल आणि जरा जड निळा आहे, शाईने भरलेल्या दौतीत डोकावल्यावर दिसतो तसा. सकाळी खिडकीतून तिरपे ऊन कपाटाच्या काचेवर येते तेव्हा पंखांची कड उजळते आणि मधला भाग अजून रात्रीतच असतो. त्याच्या डावीकडे स्टारस्क्रीम, राखाडी अंगावर लाल-निळा. उजवीकडे स्कायवार्प, काळा आणि जांभळा. तिघांचे नाक एक, पंख एक, शेपटीची दोन उभी पाती तीच. पायाखालचा स्क्रूसुद्धा त्याच जागी. एकाच पोलादी साच्यातून निघालेली ही तीन खेळण्यातली विमाने आहेत. विमान मोडले, दुमडले, उभे केले की तीन यंत्रमानव होतात, आणि त्या तिघांचे एकमेकांशी अजिबात पटत नाही.

संग्राहकांच्या बोलीत याला 'रीपेंट' म्हणतात. हा शब्द पुष्कळदा नाक मुरडून उच्चारला जातो. साचा जुनाच, प्लॅस्टिकचा दाणा तेवढा दुसऱ्या रंगाचा टाकला, आणि गिऱ्हाइकाकडून पुन्हा पैसे घेतले, असा त्याचा सूर. पोलादाचा साचा कोरायला फार खर्च येतो आणि तो वसूल करायचा तर त्यातून पुन्हा पुन्हा माल काढावा लागतो, हे खरेच आहे. पण मला या कपाटात सर्वांत जास्त काही शिकवले असेल तर ते रीपेंटनेच. स्टारस्क्रीम एकटा होता तोवर मी त्याला पाहत होतो. थंडरक्रॅकर शेजारी आला आणि मला पहिल्यांदा घडण दिसली. पंखांचा उतार कुठे मोडतो, हवा आत घेणारी चौकोनी तोंडे खांद्याशी कशी येतात, कुठली रेघ विमानासाठी आहे आणि कुठली माणसासाठी, हे सगळे रंग बदलल्यावर उघडे पडले. आकार तोच राहून रंग हलतो तेव्हा डोळा आकाराला धरतो. एका रंगात आकार आणि रंग इतके मिसळलेले असतात की त्यांना सोडवता येत नाही.

या साच्याचा जन्म जपानात टाकारा कंपनीच्या 'डायक्लोन' मालिकेत झाला. 1983 साली ते विमान बाजारात आले. आकार अमेरिकेच्या एफ-15 ईगल या लढाऊ विमानाचा. डायक्लोनच्या गोष्टीत ही यंत्रे जिवंत नव्हती, त्यांना माणसे चालवत. बोटाच्या पेराहून लहान वैमानिक या खेळण्यांबरोबर येत आणि विमानाच्या काचेखाली बसत. 1984 मध्ये अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने हेच साचे घेतले, 'ट्रान्सफॉर्मर्स' नावाने बाजारात आणले आणि गोष्ट उलटी केली. आता यंत्रच जिवंत होते, वैमानिकाची गरज उरली नाही. मार्व्हल कॉमिक्सचे संपादक बॉब बुडियान्स्की यांनी बहुतेक पात्रांना नावे आणि स्वभाव दिले. राखाडी विमान महत्त्वाकांक्षी ठरले, सतत सेनापतीच्या खुर्चीवर डोळा ठेवणारे. काळे-जांभळे विमान एका जागी नाहीसे होऊन दुसऱ्या जागी उगवणारे, खोडकर आणि क्रूर. निळे विमान उडता न येणाऱ्या सगळ्यांना तुच्छ मानणारे, पण आपण ज्या बाजूने लढतो ती बाजू बरोबर आहे का, याची मनातून खात्री नसलेले.

खेळणे आधी होते, स्वभाव नंतर आला. म्हणजे कुणीतरी टेबलावर तीन सारखी विमाने ठेवली असतील आणि रंगांकडे पाहून त्यांची मने ओळखायचा प्रयत्न केला असेल. काळोखाच्या रंगाला नाहीसे होण्याची विद्या मिळाली, यात नवल नाही. निळ्याला शंका मिळाली, हे मात्र मला फार मोलाचे वाटते. तिघांत एकालाच प्रश्न पडतो, आणि तो हा.

थंडरक्रॅकरला मी आठवड्यातून एकदा तरी हातात घेतो. माझ्याकडचे तिघेही पुढच्या काळात पुन्हा काढलेल्या आवृत्तीतले आहेत, तरी धडात ओतीव धातू आहे, त्यामुळे हाताला वजन लागते. नाकाचे टोक मागे दुमडले की डोके वर येते. काच छातीवर येते, मागची इंजिने पाय होतात. मुठी वेगळ्या बसवाव्या लागतात. मग मी छातीवरची ती काच नखाने उघडतो. आत एवढीशी बसायची जागा अजून आहे. ज्या वैमानिकासाठी ती कोरली तो 1984 मध्येच गोष्टीतून गेला, त्याची बैठक कोणी बुजवली नाही. साच्यात ती राहून गेली, म्हणून राखाडीत आहे, निळ्यात आहे, काळ्यातही आहे. प्रत्येकाच्या छातीत एक रिकामी जागा, एकाच मापाची. त्यांच्या भांडणांची गोष्ट वाचताना मला ती जागा आठवते.

हे सगळे मी कुर्डुवाडीत पाहतो, आणि कुर्डुवाडीचा माणूस एकाच सांगाड्यावर वेगवेगळी अंगे चढलेली पाहत वाढलेला असतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने 1897 मध्ये इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, तेव्हा या स्टेशनाचे नावही बार्शी रोड होते. कॅलथ्रॉपचे डोके साच्याच्या कारागिराचे होते. त्याने दाबीव पोलादाची 25 फूट लांब आणि 7 फूट रुंद अशी एक चौकट ठरवली आणि तिच्यावर मालाचे निरनिराळे डबे उभे केले. उघडी वाघीण, बंद वाघीण, पोती नेणारी. खालचा सांगाडा तोच, वरचे काम निराळे. कुठल्याही चाकाच्या जोडीवर 5 टनांहून जास्त भार पडणार नाही, असे त्याने जमवले, म्हणून हलके रूळ पुरले. पुढे 1906 मध्ये ही गाडी पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. कित्येक पिढ्यांचे वारकरी या गाडीने चंद्रभागेला गेले. याच कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी 'गार्डियन एंजल' नावाचे पॅराशूट तयार केले. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स 1910 मध्ये विमान कोसळून गेला, त्यानंतर त्याने हा ध्यास घेतला. आमच्या अडीच फुटी रुळांचा कर्ता आकाशातल्या माणसांचीही काळजी करत होता, हे मला कळले त्या दिवशी कपाटातली विमाने मला अधिकच घरची वाटली.

वडील इथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये रंगारी होते. भोंगा झाला की निघायचे, संध्याकाळी परत यायचे ते टर्पेंटाइनचा वास घेऊन. मी पहिल्यांदा थंडरक्रॅकर त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी त्याला विमान म्हणून पाहिलेच नाही. चष्मा कपाळावर चढवला, पंखाची कड बोटाने चाचपली, नखाने जरा खरवडून पाहिले.

"ह्यो रंग लावल्याला न्हाई," ते म्हणाले. "ओतल्याला हाय. आतपत्तोर निळाच आसंल."

"हो अण्णा, दाण्यातच मिसळतात."

"मग ह्याला जुना रंग न्हाईच की. डब्याला खरवडलं की खालचा रंग लागतो, त्याच्याखाली रेड ऑक्साइड, त्याच्याखाली लोखंड. ह्याला खाली काय बी न्हाई. ह्यो जल्मताच निळा."

रीपेंटबद्दल इतके नेमके मी कुठे वाचलेले नाही. वडिलांच्या हाताखालून गेलेला प्रत्येक डबा आधी काहीतरी होता आणि मग दुसरे काही झाला. भारतीय रेल्वेचे ते निळे डबे आठवा. पेरांबूरच्या कारखान्यात 1955 पासून 2018 च्या सुरुवातीपर्यंत जो एक नमुना निघत राहिला, तो माझ्या लहानपणी विटकरी होता, मग निळा झाला. त्याच डब्याची खिडकी, त्याच पायऱ्या, तरी विटकरी गाडी आणि निळी गाडी या माझ्या मनात दोन वेगळ्या गाड्या आहेत, त्यांचे आवाजही वेगळे आठवतात. त्यानंतर आलेले एलएचबीचे लाल डबे ही गोष्ट निराळी. तो साचाच नवा. 10 फेब्रुवारी 2023 ला सोलापूर–मुंबई वंदे भारत सुरू झाली, ती आमच्या स्टेशनावर थांबते. ती तेव्हा पांढरी-निळी होती. त्याच वर्षी त्याच घडणीची भगवी गाडी केरळात धावू लागली. तिचे छायाचित्र पाहून फलाटावरची मुले म्हणाली, ही आपली नव्हे. रंगाने ओळख ठरते हे त्यांना कुणी शिकवले नव्हते.

वडिलांच्या बोलण्यातला दुसरा धागा मला नंतर सापडला. थंडरक्रॅकर हा रंग बदललेला स्टारस्क्रीम नव्हेच. त्याच्या निळ्याखाली राखाडी नाही. तो कुणाची नक्कल म्हणून रंगवला गेला नाही, साच्यात वितळलेला दाणा शिरला त्या क्षणापासून तो तोच आहे. साचा आईबापांकडून मिळतो म्हणा, रंग ज्याचा त्याचा.

1985 मध्ये याच साच्याला कोरून पंख बदलले आणि रॅमजेट, थ्रस्ट, डर्ज ही तीन नवी विमाने आली. यंत्रमानव होताना त्यांचे नाक मागे न दुमडता डोक्यावर टोकदार उभे ठेवायचे, एवढ्यानेच चेहरामोहरा पालटतो. पण माझे मन जास्त गुंतते ते ट्रान्सफॉर्मर्सच्या कार्टूनमध्ये क्षणभर दिसून गेलेल्या रंगांत. त्यात एका भागात तेजाबाचा पाऊस पाडणारी तीन परक्या रंगांची विमाने येतात. त्यांना नावे नव्हती. चित्रकाराने नुसते रंग भरले होते. संग्राहकांनी ती लक्षात ठेवली, आणि कितीतरी वर्षांनी त्या रंगांची खेळणी निघाली तेव्हा हिरव्याला अ‍ॅसिड स्टॉर्म हे नाव मिळाले. नावाआधी रंग इतकी वर्षे तग धरून राहिला.

खरे एफ-15 राखाडी असते. ढगांत विरघळून जावे, शत्रूच्या नजरेस पडू नये, एवढेच त्या राखाडीचे काम. लढाऊ विमानांचे रंग लपण्यासाठी शोधलेले असतात. खेळण्याने तेच विमान घेतले आणि त्याला दिसण्याचे रंग दिले. युद्धाच्या यंत्राला मुलाच्या हातात येताना हा एक मोठा पालट सोसावा लागतो, आणि तो मला पायांच्या बिजागरीपेक्षा मोठा वाटतो.

आपल्याकडे या रंगपालटाचे एक मोठे घर गोव्यात होते. एमआरएफने हॅस्ब्रोबरोबर 1987 मध्ये फनस्कूल सुरू केली आणि परदेशात वापरून झालेल्या साच्यांतून 'जी. आय. जो' नावाचे खेळण्यातले सैनिक गोव्यात निघू लागले. त्यांचे रंग अमेरिकन सैनिकांशी जुळत नाहीत. एकाच सैनिकाच्या दोन खेपासुद्धा कधी कधी जुळत नाहीत. जगभरचे संग्राहक आज ते रंग हुडकत असतात. लाल मातीच्या, माडांच्या प्रदेशात परक्या सैनिकांनी नवे कपडे चढवले, ही मला आपल्या खेळण्यांच्या इतिहासातली अभिमानाची गोष्ट वाटते.

आणि माझ्या कपाटात सर्वांत खालच्या फळीवर जे विमान आहे, ते कुठल्याच कंपनीचे नाही. पंढरपूरला कार्तिकीच्या गर्दीत, बांगड्या आणि टाळांच्या दुकानांमध्ये एका बाईने चादर अंथरली होती. शिट्ट्या, भिंगऱ्या, प्लॅस्टिकच्या तलवारी, आणि त्यांत हे. तोच साचा, कुणीतरी नकलेची नक्कल करून उतरवलेला. कडांना प्लॅस्टिकचे पापुद्रे सुटलेले, धातूचा कणही नाही, हातात घेतले तर रिकाम्या काडेपेटीएवढे हलके. पण रंग! मोरपंखी अंग, शेपटीची पाती केशरी, आणि काच गुलाबी. मला ठाऊक असलेल्या कुठल्याही यादीत असा गडी नाही. "घ्या दादा, उडतंय बी आन् मानूस बी हुतंय," बाई म्हणाली. मी घेतले. रेल्वेत बसल्यावर पहिल्यांदा काच उघडून पाहिली. बैठकीची जागा तिथेही होती, वितळून जरा बुजलेली, पण होती. जपानातल्या कारागिराने वैमानिकासाठी कोरलेली ती जागा इतक्या हातांतून, इतक्या चोऱ्यांतून, पंढरपूरच्या वाळवंटापर्यंत पोचली होती.

त्याला मी अजून नाव दिलेले नाही. आधी त्याचे भाऊबंद शोधायचे आहेत. असल्या मालाच्या गोणीत एकच रंग नसतो, दाणा संपला की दुसरा टाकतात. म्हणून बार्शीच्या भगवंताच्या यात्रेत, माढ्याच्या बाजारात मी हे विमान खिशातून काढून विक्रेत्यांना दाखवतो आणि विचारतो, याच्यात दुसरा रंग आहे का. बहुतेक जण मान हलवतात. परवा बार्शी स्टँडवर एक फुगेवाला मात्र विमान उलटेसुलटे करून म्हणाला, असलंच पिवळं तुळजापुरात पाहिलंय, महाद्वाराच्या अलीकडच्या गल्लीत. नवरात्र यायला अवकाश आहे. मी रविवारच्याच एसटीने जाणार आहे.