कीर्तिमुखाची चाकरी

वैनगंगेच्या काठी मार्कंड्याच्या मंदिरभिंतींवर जे व्याल सुरसुंदरींच्या शेजारी पंजे उगारून उभे आहेत, त्यांची नोंद कोणत्याही प्राणिशास्त्राच्या दप्तरात नाही. तरीही मिहान प्रकल्पाच्या या रेखीव, मोजणी झालेल्या वसाहतीत बसून आज मला त्यांचेच स्मरण होत राहिले. गजाची सोंड, मगरीचा जबडा आणि वेलबुट्टीदार शेपूट ल्यालेला, गंगेचे वाहन झालेला मकर गर्भगृहातील अभिषेकाचे पाणी प्रणालातून बाहेर सोडतो, आणि तोच सोनाराच्या ऐरणीवर लहान होऊन आजीच्या तोड्याच्या दोन टोकांना समोरासमोर येतो. त्याच्या डोळ्यातील एक माणिक निखळले असले, तरी जरब तिळमात्र उणावलेली नाही. उंबऱ्यावरील कीर्तिमुखाची कथा तर अधिकच विलक्षण: जालंधराचा दूत होऊन आलेल्या राहूला गिळण्यासाठी शिवाने निर्माण केलेला हा गण, राहूला अभय मिळाल्यावर, शिवाच्याच आज्ञेने स्वतःचे शरीर खाऊन बसला आणि मुखमात्र उरला. भय घालवण्यासाठी भयालाच द्वारपालाच्या चाकरीत घेणे, ही आपल्या शिल्पकारांची मसलत मला मोठी शहाणपणाची वाटते; आमच्या काचेच्या दरवाजांवर पहारेकरी आहेत, पण कीर्तिमुखासारखे अहंकार उंबऱ्याबाहेर ठेवण्याची ताकीद देणारे कोणी नाही.