एकाच वाटेच्या चार खेपा

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून आत शिरलं, तरी महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज बराच वेळ पाठीमागून येत राहतो. मग एका वळणावर तो सुटतो. नेमका कुठल्या झाडापाशी सुटतो, ते मी बरेच रविवार शोधत होते. पावसाळ्यात लवकर सुटतो, कारण नदी बोलत असते. पानगळ सुरू झाली की पार आतपर्यंत सोबत करतो. असलं काही कळायला एकाच रस्त्यानं फार वेळा जावं लागतं, आणि मला जावं लागलं ते एका हट्टापायी.

२०२४च्या जूनमध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, मी ठरवलं की येत्या जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन करायची. धावत नाही, चालत. गुडघ्यांनी धावण्याला केव्हाच नकार दिलेला. चालण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. ‘‘एवढं चालून जायचंय कुठं? ठाण्याला बस मिळते की,’’ हे घरचं प्रोत्साहन. दरवर्षी वारीला जाणाऱ्या माझ्या मावससासूबाई म्हणाल्या, ‘‘सराव कसला करायचा त्यात? निघायचं.’’ त्यांचं खरं असेल. पण त्यांच्या पायांखाली पन्नास वर्षांचं शेत होतं, माझ्या पायांखाली बँकेचं टेबल.

अंतर बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंच्याण्णव मीटर. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या किल्ल्यापासून सुरू झाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर संपली. तेव्हा जे अंतर भरलं, तेच १९२१मध्ये कायमचं ठरलं. राजाराणीच्या खुर्च्या जरा अलीकडे मांडल्या असत्या, तर माझी तेवढी पावलं वाचली असती. माझ्या पावलानं सगळी मिळून साठ हजार होतात. किलोमीटरला दहा मिनिटं धरली तर सात तास.

आठवडाभर कॉलनीभोवती तासभर, आणि रविवारी लांबचं चालणं. ते आठ किलोमीटरपासून हळूहळू वाढवत बत्तीसपर्यंत न्यायचं. बेचाळीस मात्र त्या दिवसासाठीच राखून ठेवायचं. फाटकापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंतचा रस्ता साधारण साडेसहा किलोमीटरांचा. जाऊन आलं की तेरा. नोव्हेंबरात पंचवीसच्या वर गेले तेव्हा दुसरा रस्ताच उरला नाही. गेले, आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. एका सकाळीत त्याच झाडांना चारदा भेटायचं. कंटाळा येईल याची मला खरोखर भीती होती.

ती भीती घालवली एका कोळिणीनं. नदीवरच्या पुलाच्या कठड्याशी, एक साग आणि बांबूचं बेट यांच्यामध्ये तिचं जाळं होतं, परातीहून मोठं. पाय पसरले की ती माझ्या तळहाताएवढी व्हायची. पहिल्या खेपेला, उजाडता उजाडता, जाळं दिसायचंच नाही. नुसते दवाचे थेंब हवेत टांगलेले आणि मधोमध एक काळी रेघ. दुसऱ्या खेपेला ऊन तिरपं यायचं आणि धाग्यांचा खरा रंग कळायचा. ते पांढरे नसतातच, हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखे पिवळे असतात. त्याच वेळी वरच्या कोपऱ्यातला नर दिसायचा, तांदळाच्या दाण्याएवढा, तिच्या नजरेत न येण्याची खबरदारी घेत बसलेला. तिसऱ्या खेपेला जाळ्यात एक टोळ अडकलेला आणि एका बाजूचं विणकाम फाटलेलं. चौथ्या खेपेला टोळाची पांढरी पुरचुंडी झालेली, आणि ती कोळीण फाटलेल्या बाजूला, मागच्या पायानं धागा ओढून घेत, एक एक टाका घालत बसलेली. मी घड्याळ थांबवलं. सरावात घड्याळ थांबवणं बरं नाही म्हणतात. मी मात्र त्या पुलावर दर खेपेला थांबायचे, कठड्यावर पाण्याची बाटली ठेवायचे आणि आधी तिच्याकडे बघून मग पाणी प्यायचे.

ती नदी दहिसर नदी. तुळशी तलावाकडून येते आणि शहरात शिरल्यावर तिचं जे होतं ते सगळ्या मुंबईला ठाऊक आहे, त्याबद्दल इथं नको. वरच्या अंगाला मात्र ती अजून नदी आहे. विहार तलाव १८६०चा, तुळशी १८७९चा. या शहराला पिण्याचं पाणी हवं होतं म्हणून त्या तलावांभोवतालचं रान राखलं गेलं. झाडांच्या प्रेमापोटी नव्हे, तहानेपोटी वाचलेलं रान आहे हे. मला त्यात काही उणं वाटत नाही. अर्ध्या लिटरची बाटली वीस किलोमीटर पुरवून पुरवून पिणाऱ्या बाईला तहान हे कारण पुरेसं पवित्र वाटतं.

जुलैत सराव सुरू केला तेव्हा ओढ्याकाठी शीळकरी कस्तुर गायचा. शाळा चुकवून उंडारणारा मुलगा शीळ घालतो तशी त्याची शीळ. सूर धरतो, मध्येच विसरतो, पुन्हा कुठून तरी सुरू करतो. बूट भिजून दोन-दोन किलोंचे व्हायचे. सप्टेंबरात उतारांवर करवी फुलली. आठ वर्षांतून एकदा फुलणारी ती, याआधी २०१६मध्ये फुललेली. जांभळ्या घोसांवर मधमाश्यांचा असा गजर, की रस्त्यावरची माणसं आपोआप हळू बोलायची. मग बी धरून ती सगळी झुडपं वाळून जाणार होती. माझा सात महिन्यांचा बेत मी तिथं कुणाला सांगितला नाही.

ऑक्टोबरानं मला रडवलं. हवा थांबलेली, अंगाला घामाचं मीठ. एका पहाटे पुढून वानराचा ‘खॅक्’ असा आवाज आला. मग दुसऱ्याचा, आणि लगेच चितळाची शीळ. वनरक्षकानं हात वर करून आम्हाला जागीच उभं केलं. आम्ही सात-आठ जण, दोघे सायकलवाले. कुणी काही बोललं नाही. दहा मिनिटं एवढे लोक एवढे गप्प मुंबईत मी कुठल्या देवळातही पाहिलेले नाहीत. बिबट्या कुणालाच दिसला नाही. वानरं गप्प झाली, तांबटानं आपलं ‘टुक टुक’ पुन्हा सुरू केलं, आणि वनरक्षकानं हात खाली घेतला.

शरीर म्हणजे या खेपांमधलं दुसरं रान. पंधरा किलोमीटरनंतर हात खाली सोडून चाललं की बोटं सुजतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका रविवारी अंगठी अशी रुतली की साबणानं काढावी लागली; तेव्हापासून रविवारी ती देव्हाऱ्यात असते. पावलंही फुगतात, म्हणून बूट अर्धा नंबर मोठे घ्यायचे असतात. एका दुकानदारानं ‘मापाचेच घ्या’ म्हणून गळ्यात मारलेल्या बुटांनी माझ्या उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं केलं. ते गळून खालून नवं यायला लागलं, अगदी पातळ, मोगऱ्याच्या पाकळीसारखं. उतारावर त्याची आठवण ठेवून पाऊल टाकावं लागे.

लेण्यांच्या अलीकडे पाड्यावरची एक आजी टोपली घेऊन बसते. पावसाळ्यात काकड्या, थंडीत आवळे आणि बोरं, सोबत तिखटमीठ. दुसऱ्यांदा वर आलेली बघून तिनं विचारलं, ‘‘बाई, काय हरवलं का गं तुजं?’’

‘‘नाही आजी, चालायची सवय करतेय.’’

तिनं माझ्या बुटांकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. ‘‘सवय तर झाली की. आता बस.’’

मी बसले. तिनं काकडी उभी चिरून मीठ भरून दिली. त्या मिठानं उरलेले दहा किलोमीटर काढले. बाजारात मिळणाऱ्या रंगीत पुड्या मी घेऊन बघितल्या आहेत. काकडीची सर त्यांना नाही.

कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत. हजार वर्षं तरी इथं भिक्षू राहत होते. कल्याणच्या आणि सोपाऱ्याच्या दात्यांनी दिलेली दानं शिलालेखांत कोरलेली आहेत. पाण्याच्या टाक्याला त्या लेखांत ‘पोढी’ म्हटलंय, आणि सह्याद्रीतल्या गडांवर अजूनही कुणी कुणी पोढीच म्हणतं. खोलीखोलीसमोर ओटा, ओट्याजवळ पोढी, आणि कातळावरून पावसाचं पाणी त्यात आणणारी बोटभर रुंदीची पन्हळ. चढावरच्या पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झाल्यात. मी तिथं बूट काढायचे. नियम म्हणून नाही. तापलेल्या पावलांना त्या खोलगट भागातला गार कातळ हवा असायचा.

एका ओट्यावर खजूर खाताना आठवलं, बौद्ध ग्रंथांत चंक्रम सांगितलाय. पालीत चंकम. ठरावीक टप्प्यावर, एकाच वाटेवर, भान ठेवून येरझारा घालायच्या. घरी येऊन शोधलं. अंगुत्तर निकायात चंकमसुत्त म्हणून एक छोटंसं सुत्त आहे, त्यात चंक्रमाचे पाच लाभ दिलेत. पहिलाच लाभ हा, की लांबचा प्रवास सोसण्याची ताकद येते. मी मोठ्यानं हसले. साधनेचं बळ दुसरं, आजार कमी होतात हे तिसरं, खाल्लेलं पचतं हे चौथं, आणि चालता चालता लागलेली एकाग्रता जास्त काळ टिकते हे सगळ्यात शेवटचं. माझ्या सरावाचं वेळापत्रक जणू कुणी दोन हजार वर्षांपूर्वीच आखून ठेवलं होतं, आणि तेही आधी पाय, मग पोट, मग मन, अशा शहाण्या क्रमानं.

कुठल्या ओट्यासमोर कोण येरझारा घालत होतं, ते कातळ आता सांगत नाही. पण जाणं आणि परत येणं, पुन्हा जाणं आणि परत येणं, याची मला शरम वाटत होती ती त्या दिवसापासून गेली. तोवर मी मनातल्या मनात माफी मागत होते, जागा नाही म्हणून त्याच त्या रस्त्यावर घुटमळतेय अशी.

बत्तीस किलोमीटर डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी झाले. धुकं होतं. सातविणीचा वास संपला होता, सागाची पानं खाली यायला लागली होती, पापडासारखी, पायाखाली मोडणारी. कांडोळ उघडा होऊन पांढऱ्याफटक खोडानं उभा. शेवटच्या खेपेत, एकोणतिसाव्या किलोमीटरच्या आसपास, मी काही मोजत नव्हते. नख दुखत होतं, नदी डबक्याडबक्यांतून कशीबशी सरकत होती, आणि ही दोन्ही आपापल्या जागी बरोबर होती. फाटकाशी आल्यावर ट्रकांचा आवाज ऐकू आला तेव्हा लक्षात आलं, की तो सुरू कुठं झाला ते आज निसटलं.

त्यानंतर चालणं कमी करत न्यायचं असतं. शर्यतीच्या आधीचे दोन-तीन आठवडे पाय राखायचे. म्हणून जानेवारीच्या पहिल्या रविवारी एकच फेरी होती, फक्त जाऊन यायचं. पुलाशी पोचले तेव्हा चांगलं उजाडलं होतं. जाळं नव्हतं. कोळीण नव्हती, कोपऱ्यातला तो दाणाही नव्हता. बांबू आपला हलत होता. सागाच्या खोडापासून कठड्यापर्यंत फक्त एक धागा उरला होता, पिवळा, सैल पडलेला, नेमका मी बाटली ठेवायचे तिथं टेकलेला. मी बाटली हातातच धरली आणि उभ्या उभ्या पाणी प्यायले.