जड ते आधी पडते का?

दगड आणि कागद वरून एकदम सोडले तर आधी काय पडेल? दगड! हे लहान पोरही सांगेल. पण का, असे विचारले की आमच्या बोनकोडे गावात एकच उत्तर, "जड हाय म्हनून." आजोबा तर म्हणाले, "नारल आन् झावली एकदम सुटली तरी पयला नारलच पडनार."

मी वही घेतली आणि एक सुटा कागद. दोन्ही सोडले. वही धपकन पडली, कागद डुलत डुलत मागून आला. मग त्याच कागदाचा घट्ट बोळा केला. आता दोन्ही जवळजवळ बरोबरच खाली! कागदाचे वजन तर तेवढेच होते. म्हणजे अडवत होती ती हवा. पसरट वस्तूला ती जास्त अडवते.

मग वजनाचे काहीच चालत नाही? चालते. दोन सारख्या काडेपेट्या घेतल्या, एकीत ओली वाळू भरली. हातभर उंचीवरून फरक कळेना. मग दादाने खाली गल्ली मोकळी केली आणि मी गच्चीवरून सोडल्या. वाळूची आधी पडली. हवा अडवते दोघींना, पण जड पेटी तिला फारशी जुमानत नाही, हलकी रेंगाळते.

आणि हवाच नसेल तर? १९७१ च्या ऑगस्टमध्ये अपोलो १५ चे डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडी आणि ससाण्याचे पीस एकदम सोडले. दोन्ही एकदमच टेकले. तिथे हवा नाही ना! म्हणूनच २०२३ साली आपले चांद्रयान-३ उतरवताना हवाई छत्री कामाची नव्हती, इंजिने चालवून वेग कमी करावा लागला.

आपल्याकडे हवा आहे हे बरेच आहे. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने पडतो. हवा नसती तर एक किलोमीटरवरून येताना तो १४० मीटरवर गेला असता. मग कौले कसली राहतात!

पण खड्याला हवा एवढी अडवत नाही. आता गावात चार-चार मजल्यांच्या इमारती झाल्या. काही मुले गच्चीवरून खडे टाकतात. म्हणतात, "बारका खडा, काय लागतंय?" बारा मीटरवरून सुटलेला खडा दीड सेकंदात खाली येतो, तेव्हा त्याचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास असतो. खालच्या माणसाला वर बघायलाही वेळ मिळत नाही. आमच्या शेजारच्या काकूंना मिळाला नाही. डोक्याला तीन टाके पडले. खडा सुपारीएवढाच होता.