नान्नजच्या माळावर एक सकाळ



सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने निघालात, की सुमारे वीस किलोमीटरवर नान्नज लागते. द्राक्षबागायतदारांना हे गाव सांगायला नको. 'सोनाका' ही द्राक्षाची जात इथलीच. पण तिकडे गेलात तर नुसत्या बागा पाहून परत फिरू नका. वनखात्याची परवानगी घ्या आणि पावसाळा सरता सरता, दिवस उगवायच्या सुमारास अभयारण्याच्या माळावर जा.

पहिल्या नजरेला तुम्ही म्हणाल, इथे आहे काय? मुरमाड जमीन, गुडघाभर गवत, मध्येच एखादी बोर नाही तर हिवर. जरा दम धरा. धुके विरले की काळविटांचा कळप दिसतो. चंडोल गात गात वर चढतो. नशीब बलवत्तर असेल तर लांबवर लांडगाही दिसतो. हे सारे जीव दाट जंगलातले नव्हेत. उघडे गवत आणि विरळ झाडे हेच त्यांचे घर.

या माळाचा खरा मानकरी म्हणजे माळढोक. उभा राहिला तर मीटरभर उंच. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. टोळ, नाकतोडे, भुंगेरे हे त्याचे खाणे, म्हणजे आपल्या पिकाचा तो राखणदारच. मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्यावर गुरांचा पाय पडला किंवा गावचे मोकाट कुत्रे तिथवर पोचले, की त्या वर्षाचा वंश बुडाला.

त्याच्यासाठी 1979 साली हे अभयारण्य झाले. कागदोपत्री क्षेत्र होते 8,496 चौरस किलोमीटर. त्यात गावे आली, शेते आली, जमिनीच्या खरेदी-विक्रीला अडचणी आल्या. लोकांच्या मनात पाखराविषयी अढी बसली. पुढे क्षेत्र कमी करून सुमारे 1,222 चौरस किलोमीटर केले. परंतु तोवर माळ फुटले होते, विजेच्या तारा आल्या होत्या. जड शरीराच्या या पक्ष्याला समोरची तार वेळेवर दिसत नाही आणि चटकन वळताही येत नाही. आज महाराष्ट्रात माळढोक दिसणे दुर्मीळ झाले आहे. साऱ्या देशात ते दीडशेच्या आतबाहेर उरले असावेत, त्यांतील बहुतेक राजस्थानात.

मागच्या खेपेला माळाच्या कडेला एक म्हातारे मेंढपाळ भेटले. मी विचारले, "बाबा, मेंढ्यांनी माळ खाल्ला म्हणतात, खरं का?"

ते म्हणाले, "सायेब, मेंढरं आमच्या आज्याच्या वक्ताला बी हुती. तवा चार कोस माळ हुता. आता चार ढांगांत संपतोय. मंग एकाच जागी रोज दात लागतो."

मी गप्प बसलो. नोकरीच्या सुरुवातीला मीच गावोगाव सांगत हिंडलो होतो, "माळ पडीक ठेवू नका, फोडा, नाही तर झाडे लावा." माळ म्हणजे वाया गेलेली जमीन, असेच आम्ही समजत होतो. माळ हे गवताचे शेत आहे, हे मला उशिरा कळले.

त्याचे कारण समजून घ्या. मारवेल, पवना, शेडा ही चांगली गवते बहुवर्षायू आहेत. पहिल्या पावसात ती बुडख्यात व मुळांत साठवलेल्या अन्नावर फुटतात. त्याच वेळी गुरे सोडली, तर मूळ अशक्त होते. दोन-चार वर्षांत चांगले गवत जाते आणि कुसळी माजते. तिचे कुसळ मेंढीच्या लोकरीत, तोंडात रुतते. खुरांनी जमीन घट्ट होते, पाणी मुरत नाही. मात्र चराई कायमची बंद करणे हाही उपाय नव्हे. गवत अति वाढून वाळले की काळविटालाही ते नकोसे होते. दोष चराईचा नसून अवेळी व अति चराईचा आहे.

म्हणून गावाने बसून ठरवावे. गायरानाचे तीन-चार भाग पाडा. पावसाळ्यात निदान एक भाग बी पडेपर्यंत बंद ठेवा आणि दरवर्षी तो बदला. बी पडल्यावर गवत कापून न्या, मगच जनावरे सोडा. मेंढपाळांना या बैठकीत मानाने बोलवा. माळ त्यांच्याइतका कोणी जाणत नाही. दाट झाडे माळावर लावू नका, बांधावर लावा. मेलेली जनावरे उघड्यावर टाकू नका, म्हणजे कुत्री माजणार नाहीत.

माळढोक परत येईल की नाही, हे आपल्या हाती नाही. पण गवत राखले तर दुष्काळात दावणीला पेंढी राहील आणि पाखराला जागा राहील. तुमच्या गावचा माळ एकदा दिवस उगवताना पाहून या. आणि जाताना घरची पोरे बरोबर घ्या.