आठ अक्षरं, दोन्हीकडे

डीएनएची तीच आठ अक्षरं! डावीकडे आहेत, उजवीकडेही आहेत, एकाचाही फरक नाही! म्हणजे कॅनामायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारं हे जनुक मूळचं इथलं नाहीच. उडी मारून आलंय, आणि आल्याची खूण मागे ठेवून बसलंय.

फिरती जनुकं मी एम.एस्सी.ला पाच मार्कांपुरती पाठ केली होती. बार्बरा मॅक्लिंटॉकबाईंना ती मक्यात सापडली, १९८३चं नोबेल, संपलं! पण स्वतःच्या सिक्वेन्समध्ये ती दिसणं काही औरच.

जिवाणू आपला साधा ई. कोलाय, ओढ्याच्या पाण्यातून वेगळा केलेला. आधी शॉर्ट रीड केले होते, दीडशे-दीडशे अक्षरांचे. जुळवायला घेतले की प्लाझ्मिड, म्हणजे जिवाणूतलं डीएनएचं छोटं वेगळं वर्तुळ, ठरावीक जागी तुटायचं, कारण तिथे आयएस२६ हा उडी मारणारा तुकडा बसलेला. त्याची लांबी ८२० अक्षरं आणि एकाच प्लाझ्मिडवर त्याच्या एकाहून जास्त प्रती! दीडशे अक्षरांचा तुकडा त्यातल्या कुठल्या प्रतीचा, हे सांगणार कोण? मग नॅनोपोर. मुठीत मावणारं यंत्र, त्यात सूक्ष्म छिद्रं, छिद्रातून डीएनएचा धागा सरकतो तसा विद्युतप्रवाह बदलतो आणि त्या चढउतारांवरून अक्षरं वाचली जातात, सेकंदाला सुमारे ४००! एकेक रीड हजारो अक्षरांचा, आयएस२६ ओलांडून थेट पलीकडे. असेंब्ली उघडली तर गुंत्याच्या जागी एक बंद वर्तुळ. "अगं, जेवायला येतेस ना?" कोणीतरी विचारलं. कसलं जेवण!

वर्तुळावर दोन आयएस२६, मधोमध ते जनुक. त्याचं प्रथिन कॅनामायसिनला फॉस्फेट चिकटवून औषध निकामी करतं. आणि उडीचं तंत्र तर बघा: नव्या जागी डीएनएचे दोन धागे समोरासमोर कापले जात नाहीत, आठ अक्षरं सोडून कापले जातात. ती खिंडारं पेशी भरून काढते, म्हणून तीच आठ अक्षरं दोन्ही बाजूंना उमटतात. मी ती बोट ठेवून मोजली, मग सरांना बोलावून पुन्हा मोजली.

थोडं पुढे सरकले तर सीसीडीए आणि सीसीडीबी ही जनुकांची जोडी! यातलं सीसीडीबी विष, पेशीच्या जायरेज या विकरावर घाला घालणारं. सीसीडीए त्याचा उतारा, पण अल्पायुषी. विभाजनात एखाद्या पिल्लू पेशीला प्लाझ्मिड मिळालं नाही तर उतारा संपतो, विष उरतं, पेशी खलास. सांभाळा नाहीतर मरा! इतका बिलंदर रेणू मी तरी पाहिला नव्हता.

पण हे प्लाझ्मिड दुसऱ्या जिवाणूत जातं का? जपानमध्ये १९५९ साली हगवणीचे जिवाणू आणि ई. कोलाय एकत्र वाढवून दाखवलं होतं, की अनेक औषधांचा प्रतिकार एकाकडून दुसऱ्याकडे जातो. तसाच प्रयोग मी केला. आमचा ई. कोलाय आणि रिफॅम्पिसिनला न जुमानणारा, पण कॅनामायसिनपुढे मरणारा दुसरा स्ट्रेन रात्रभर एकत्र ठेवले, सकाळी दोन्ही औषधं घातलेल्या प्लेटवर पसरले. दुसऱ्या दिवशी प्लेटभर वसाहती! कंट्रोलच्या, म्हणजे एकेकट्या स्ट्रेनच्या, दोन्ही प्लेट कोऱ्या.

आता खरी मजा. वर्तुळावरच्या बऱ्याच जनुकांपुढे सॉफ्टवेअरने नुसतं 'हायपोथेटिकल प्रोटीन' लिहिलंय, म्हणजे काम अज्ञात. त्यातलं एक दुसऱ्या आयएस२६ला अगदी खेटून आहे. ते काढून टाकायचं आणि प्लाझ्मिड तेवढ्याच सहज पसरतं का बघायचं. प्रायमरची ऑर्डर गेलीय, सोमवारी येतील!