किशोर, मोताळ्याहून

१. मोताळ्याला रेल्वे नाही. खंडव्याला जायचं तर मलकापूरला गाडी धरायची, भुसावळला बदलायची. मग बऱ्हाणपूर, मग खंडवा. किशोरकुमारचं गाव.

२. खरं नाव आभासकुमार गांगुली. जन्म ४ ऑगस्ट १९२९. वडील वकील. गाण्यातला गुरू कोणी नाही.

३. इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात कॅन्टीनची उधारी राहिली : पाच रुपये बारा आणे. पुढे 'चलती का नाम गाडी'त (१९५८) हाच आकडा गाण्यात आला. उधारी फिटली का, ते कॅन्टीनवाल्याला ठाऊक.

४. बाजाराचा दिवस. जिलबीवाला भोक पाडलेल्या फडक्यातून कढईत पीठ सोडतोय. तीन वेढे, की आडवी एक रेघ. बाजूला मोबाईलवर किशोर. यॉडलिंग आलं तेव्हा एका जिलबीला वेढा जास्तीचा पडला. गिऱ्हाईकाने तीच मागून घेतली.

५. 'हाफ टिकट' (१९६२). एका गाण्यात बाईचाही आवाज त्याचा, पुरुषाचाही. पडद्यावर बाईच्या वेशात तोच, समोर प्राण.

६. 'रागिणी' (१९५८). पडद्यावर किशोर, गळा रफीचा. गाणं शास्त्रीय अंगाचं होतं.

७. काँग्रेसच्या कार्यक्रमात गायला नाही म्हणाला. ४ मे १९७६ पासून आकाशवाणीवर त्याची गाणी बंद, थेट आणीबाणी संपेपर्यंत. आमच्या काकांना आणीबाणी कधी लागली ते आठवत नाही. रेडिओवरचा किशोर गेला, ते आठवतं.

८. पार्श्वगायनाची फिल्मफेअर : ८. पद्म पुरस्कार : ०.

९. आवाज देव आनंदला शोभला, राजेश खन्नाला शोभला, अमिताभलाही शोभला. तिघांचे आवाज एकमेकांसारखे नाहीत.

१०. मराठीत 'गंमत जंमत' (१९८७). संगीत अरुण पौडवाल, सोबत अनुराधा पौडवाल, पडद्यावर अशोक सराफ. सराफांचं नाव घरच्यांनी अशोककुमारांवरून ठेवलेलं. म्हणजे थोरल्या भावाच्या नावाला धाकट्याचा गळा.

११. गावात वरात. दहाला डीजे बंद झाला. पोरं पांगली. वायरी गुंडाळणारा एकटाच किशोर गुणगुणत होता, सुराला थोडा खाली.

१२. मुंबई सोडायची, खंडव्यात राहायचं, दूध-जिलबी खायची, असं तो सांगत राहिला. जुहूच्या बंगल्याचं नाव मात्र 'गौरीकुंज'. आई गौरीदेवी, वडील कुंजलाल.

१३. १३ ऑक्टोबर १९८७. अशोककुमारांचा शहात्तरावा वाढदिवस. त्याच दिवशी मुंबईत धाकटा गेला. अंत्यसंस्कार खंडव्याला.

१४. बाजारातून पाव किलो जिलबी आणली. दूध घरात होतं.