घासाचें माप

रत्नागिरीस आजाऱ्याच्या समाचारास आलेला मनुष्य ताप किती आहे हें मागाहून विचारतो, आधीं "पेज घेतली का?" असें विचारतो. पेज पोटांत गेली म्हणजे आशा आहे, हा आमच्या कोंकणचा जुना हिशेब. या हिशेबांत एक मोठी उणीव आहे, हें कळण्यास आम्हांस पन्नाशी उलटावी लागली.

गेल्या वर्षीं आमच्या तीर्थरूपांस अर्धांगवायु झाला. डावा हात गेला, पण वाचा राहिली, म्हणून आम्ही देवाचे उपकार मानीत होतों. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं पाणी मागितलें. पाण्याहून निरुपद्रवी पदार्थ कोणता? आम्हीं चमच्यानें पाजलें. त्यांस ठसका लागला; आम्हीं पाठीवरून हात फिरविला आणि पुन्हां पाजलें. दोन दिवसांनीं ताप चढला. पाणी श्वासनलिकेंत उतरून फुप्फुसास सूज आली आहे, असें डॉक्टरांनीं सांगितलें. दुर्बळ गळ्यास पातळ पाणीच सर्वांत अवघड, कारण तें घशाची तयारी होण्यापूर्वींच निसटून जातें. आमच्या मायेची ही करणी!

पुढें गिळण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई येऊं लागल्या. त्यांच्याजवळ सात पायऱ्यांची मोजपट्टी होती. क्रेरी, मॅन व ग्रोहर या तिघांनीं ती अर्धांगाचे रोगी तपासून २००५ सालीं प्रसिद्ध केली. पहिल्या पायरीवर तोंडानें कांहींच नाहीं. दुसरी व तिसरी नळीच्या आधाराची. चौथीवर नळी सुटते, पण अन्न एकाच प्रकारचें. पांचवीवर अनेक प्रकार, परंतु मुद्दाम तयार केलेले. सहावीवर कांहीं पदार्थ तेवढे वर्ज्य. सातवीवर बंधन नाहीं. पातळपणा मोजण्याचीहि रीत आहे. सुई काढलेल्या पिचकारींत दहा मिलिलिटर द्रव भरून दहा सेकंद वाहूं द्यावा. उरेल त्यावरून त्याची जाति ठरते.

शितें नसलेला मंड, शितांसह पेया, शितें पुष्कळ ती विलेपी, हे भेद आमच्या वैद्यकांत पूर्वींपासून आहेत. मात्र त्यांचें लक्ष जठराग्नीकडे. आमचें आतां कंठाकडे लागलें होतें.

पांचव्या पायरीवर आल्यावर तीर्थरूप प्रथमच पानावर बसले. त्यांनीं आपोशनासाठीं उजवा तळहात पुढें केला. ऐंशीं वर्षांच्या वडिलांस आपोशनाचें पाणी नाकारणारा मुलगा होणें आमच्या नशिबीं आलें होतें. आम्ही क्षणभर थांबलों, आणि बाईंच्या सांगण्याप्रमाणें घट्ट केलेलें पाणी त्यांच्या हातावर घातलें. त्यांनीं तें निरखून पाहिलें, किंचित् हंसले, मंत्र पुटपुटले व हात तोंडाशीं नेला. घांटी वर गेली, खालीं आली. तोंवर आम्हीं श्वास रोखून धरला होता.

ती पट्टी काय खाल्लें तें सांगते. कसें उतरलें तें सांगत नाहीं. ठसका न लागतांहि घास आडवाटेनें जातो, हें ऐकल्यापासून आम्ही जेवणानंतर त्यांचा आवाज ऐकतों. तो ओला, घरघरता वाटला तर थांबतों. आतां शेजारी "पेज घेतली का?" असें विचारूं लागले कीं आम्ही म्हणतों, "घेतली. आणि आवाज स्वच्छ आहे."